सिकलसेल आपल्याकडे का टिकला?

सोनगीरहून महामार्गाने उत्तरेला निघालं की शिरपूर लागतं आणि पुढे सातपुडा. तिथल्या भिल्ल, पावरा कुटुंबांत सिकलसेल बराच आढळतो. "डॉक्टर, आमच्याच रक्तात हा दोष का?" असं आई-वडील मला विचारतात. उत्तर डार्विनच्या नैसर्गिक निवडीत आहे.

हिमोग्लोबिनच्या जनुकात कधीतरी बदल झाला. गरज होती म्हणून नव्हे, अपघाताने. ज्यांना हा जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच मिळाला ते वाहक. गंभीर मलेरियातून ते इतरांपेक्षा जास्त वाचले, त्यांना मुलं झाली आणि जनुक पसरत गेला. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत हा संबंध दाखवून दिला. दोघांकडूनही मिळाला, तर मात्र आजार होतो. पूर्वी वाचलेल्यांची किंमत अशी काही मुलं आजही मोजतात.

म्हणून हा कुणाच्या कुळाचा दोष नाही, सुनेचा तर नाहीच. मात्र दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. मलेरियावर आज औषध आहे. सिकलसेलसाठी लग्न ठरवण्याआधी दोघांचंही रक्त तपासून घ्या. वाहक निघालात तर घाबरू नका, फक्त माहीत असू द्या.