झाकणाचा सायक्लोट्रॉन

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी दोन अटी घातल्या. वाचकाला घरच्या घरी काही करून बघता यावं, आणि लिखाण ‘फार टेक्निकल’ नसावं. पहिली पाळतो. दुसरीची हमी नाही. नाटक-सिनेमाच्या प्रॉपर्टीचं काम करणाऱ्याला गोंद आणि रंग वगळून बोलताच येत नाही.

विषय शोधावा लागला नाही, कारण एक प्रकरण अजून डोक्यातून जात नाहीये. एका गृहस्थांनी मुलाच्या फॅन्सी ड्रेससाठी ‘घोस्टबस्टर्स’मधला प्रोटॉन पॅक करून मागितला. न्यायला आले, टेबलावर ओणवे झाले, खालच्या गोल भागावर, म्हणजे ‘सायक्लोट्रॉन’वर, नखाने टकटक केलं आणि म्हणाले, ‘‘अहो, हे तर रंगाच्या बादलीचं झाकण!’’ मग हिशेब सुरू. झाकण फुकटचं, पाइप वॉशिंग मशीनचा, पट्टे जुन्या दप्तराचे, मग एवढे पैसे कसले? वर आणखी, ‘‘मला ओरिजिनलसारखं हवं होतं.’’ पैसे दिले त्यांनी, कुरकुरत का होईना. पण त्यांची ती ओरिजिनलची कल्पना मला अजून सलते.

कारण ओरिजिनल तरी काय होतं? सिनेमा 1984चा, दिग्दर्शक इव्हान राइटमन. विद्यापीठाने हाकललेले तीन संशोधक, त्यातल्या एकाचं वडिलोपार्जित घर गहाण टाकून, न्यूयॉर्कमध्ये भुतं पकडायचा धंदा काढतात. पाठीवर घरगुती अणुयंत्र, हातात त्याची नळी. हे यंत्र आखलं स्टीफन डेन यांनी. ‘ब्लेड रनर’च्या (1982) कलाविभागातही ते होते. पहिला अंदाज त्यांनी घेतला तो फोमचे तुकडे एकमेकांना जोडून. मग शूटिंगच्या प्रती झाल्या: फायबरग्लासचं कवच, मागे ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि ते सगळं अमेरिकी लष्कराच्या पाठपिशवीच्या सांगाड्यावर चढवलेलं. वरून बसवले बाजारात मिळणारे रेझिस्टर, हवेच्या दाबाचे व्हॉल्व्ह, नळ्यांचे जोड. दिवे खरे लागायचे. बाकी कशाचाच कशाशी संबंध नव्हता.

आमच्या धंद्यात यात नवल नाही. ‘स्टार वॉर्स’मधल्या (1977) ल्यूकच्या प्रकाश-तलवारीची मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कंपनीच्या जुन्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. त्याच मालिकेतल्या 1999च्या सिनेमात एक योद्धा ज्यावर बोलतो ते यंत्र बायकांच्या जिलेट रेझरवरून ओतलेलं. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’मधले डालेक 1963पासून जगाला धमकावताहेत ते मोरीचा चोकअप काढायचा रबरी पंप पुढे करून. माझ्या गिऱ्हाइकाने या सगळ्यांवर नख वाजवलं असतं.

आता कृती. पाया सनबोर्डचा. पुठ्ठाच वापरायचा असेल तर तीन थर घ्या आणि प्रत्येक थराच्या नाळ्या आधीच्या थराला आडव्या ठेवा, म्हणजे वाकणार नाही. उंचवट्यांसाठी ईव्हीए फोम. लहान मुलांच्या खोलीत अंथरायच्या जिगसॉ मॅट याच्याच असतात. जोडायला रबरी सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच दाबायचं. लोक ओलं असतानाच चिकटवतात आणि गोंद खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. थर्माकोल घेऊ नका. हेच सोल्यूशन त्याला खाऊन टाकतं, स्प्रेचा रंगही खातो. मखरांतला थर्माकोल 2018च्या बंदीने गेला. आमच्या कामातून तो अकलेनेच जायला हवा होता.

फोमवर थेट रंग मारला की तो शोषला जातो आणि वस्तू चपलेच्या तळासारखी दिसते. म्हणून आधी हीट गन फिरवायची. पृष्ठभाग किंचित तकाकला की छिद्रं मिटली. मग पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पुरता वाळवून. मग काळा मॅट रंग. शेवटी चंदेरी, आणि इथेच काम जमतं किंवा फसतं. ब्रश रंगात बुडवायचा, वर्तमानपत्रावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि फक्त कडांवरून हलका ओढायचा. खऱ्या यंत्राचा रंग जिथे हात, पट्टे आणि दाराच्या चौकटी घासतात तिथेच उडतो. सपाट पोटावर चंदेरी फासलंत की ती शाळेच्या गॅदरिंगमधली ढाल होते.

दिवे: वरच्या खिडकीत निळी पट्टी चढती, खालच्या चाकात चार लाल, एकामागून एक. दिवाळीच्या माळेतले एलईडी चालतात. ते ओळीने पेटवायला 555 टायमर आणि 4017 ही आयसी. पाचवं आउटपुट रिसेटला जोडलं की चौथ्यानंतर पुन्हा पहिला लागतो. लॅमिंग्टन रोडवर नुसते आकडे सांगा, दुकानदार पुढचं... बरं, थांबतो.

आता माझ्या आवडीचं भांडण. या पॅकच्या प्रती करणाऱ्यांत जगभर दोन तट आहेत. एक म्हणतो, सिनेमात जो रेझिस्टर होता तोच हवा, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा. ही मंडळी एका व्हॉल्व्हसाठी महिनोन् महिने थांबतात. दुसरा तट माझा. माझं म्हणणं असं की त्या दिवशी भंगारात वेगळा व्हॉल्व्ह मिळाला असता तर तोच लागला असता आणि आज सगळे त्याच्या शोधात फिरले असते. यंत्र काळजीपूर्वक घडवलेलं, तरी मिळेल त्या सुट्या भागांतून जुळवलेलं दिसावं, हा मूळ विचार होता. नक्कल त्या विचाराची करावी. कफल्लक संशोधक दादरला राहत असते तर त्यांनी गिझरचा पाइप आणि मिक्सरचं बटणच लावलं असतं.

याचा अर्थ मिळेल ते चिकटवा असा मात्र नाही. ‘टाकाऊतून टिकाऊ’वाले नेमकं तेच करतात. माझा नियम एकच: प्रत्येक नळीला दोन टोकं असतात. ती कुठून तरी निघाली पाहिजे आणि कुठेतरी पोचली पाहिजे. हवेत संपलेली एक नळी दिसली की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

इतकं ठासून लिहिल्यावर एक गोष्ट लपवत नाही. मूळ पॅकवर एक चपटी, इंद्रधनुषी रंगांची रिबन केबल आहे. जुन्या कम्प्युटरमधली राखाडी केबल माझ्याकडे पडलेली होती. माझ्याच तत्त्वानुसार ती चालायला हवी. लावून बघितली आणि पॅक परका वाटायला लागला. रंगीतच आणून लावली. तेव्हा त्या व्हॉल्व्हवाल्यांना मी हल्ली पूर्वीइतकं हसत नाही.

घरच्या साहित्याने एकच गोष्ट होत नाही: वजन. सिनेमातले मुख्य पॅक चांगलेच जड होते. पळापळीच्या आणि पडायच्या दृश्यांसाठी हलके रबरी वेगळे केलेले होते. जड पॅक घातलेल्या नटाचे खांदे आपोआप खाली येतात, वळताना आधी पाय वळतो आणि मग पाठ. फोमचा पॅक घातलेलं पोर टुणटुण उडतं आणि पाठीवरची अणुभट्टीही त्याच्यासोबत उडते. तिथेच सगळं उघडं पडतं. मोठ्यांच्या पॅकमध्ये मी तळाशी वाळूची पुरचुंडी बांधतो. मुलांच्या पाठीवर आधीच दप्तर असतं, त्यांना तो भार नको. त्यांना चालायला शिकवावं लागतं. अंगठे पट्ट्यांत, जरा पुढे झुकून, बसताना सावकाश. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याचे मी पैसे घेत नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, पोराला बरोबर आणा. येतात ते वडील, एकटेच, आणि झाकण वाजवून बघतात.