पार्टबदलू

ज्याला सेल्फ उघडता येत नाही तो नवा बसवतो, हे माझं मत होतं. ते मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, विचारलं नसलं तरी ऐकवायचो. देवळीत यवतमाळ रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भिडी-अंदोरीकडचे ट्रॅक्टर, एमआयडीसीतल्या मालगाड्या, हंगामात एखाद्या जिनिंगचा जनरेटर, यांचे सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारे स्टार्टर, माझ्याकडे येतात. कार्बन घासले तर कार्बन टाकायचे, बुश गेलं तर बुश, आर्मेचर जळलं तर भरून द्यायचं. अख्खा सेल्फ बदलून बिल फाडणाऱ्याला मी मिस्त्री मानत नव्हतो, पार्टबदलू म्हणायचो.

विमानवाले तर माझ्या लेखी पार्टबदलूंचे सरदार. भाचा नागपूरला विमान दुरुस्तीचं शिकतो. सुट्टीत आला की आमची जुंपायची. छोट्या विमानाचा स्टार्टर गेला तर रिलीज सर्टिफिकेट असलेलाच बसवावा लागतो, बसवून झाल्यावर डीजीसीएचं लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही लागते, ती लॉगबुकात चढते, असं तो सांगायचा. मी म्हणायचो, "अरे, आत तेच तांब्याचं वाइंडिंग, तेच कार्बन. कागदानं इंजिन फिरते का?"

माझा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे आजही सांगतो. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन एकदा लागलं की बॅटरी काढून ठेवली तरी चालतं. विमानाचं पेट्रोल इंजिनही तसंच, कारण त्याची ठिणगी मॅग्नेटोतून येते. इंजिनावर फिरणारे असे दोन मॅग्नेटो असतात आणि ते स्वतःची वीज स्वतः तयार करतात. म्हणजे आकाशात सेल्फ मेला तर पायलटला पत्ताही लागणार नाही. शिवाय सेल्फ नसलेली विमानं आपल्याकडे उडालेली आहेतच. हातकणंगल्याचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळुरूला घडवलेलं पुष्पक १९५८ साली उडालं. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांतून त्यावर पोरं शिकली. त्याला ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन होतं, सेल्फ नव्हता. एक जण पुढे उभा राहून पंखा हातानं ओढायचा. घाटग्यांचं विमान ज्याच्यावाचून उडालं, त्या पार्टासाठी एवढा सोपस्कार कशाला, हा माझा हुकमी एक्का. भाचा गप्प बसायचा.

त्यानंच मग ओळखी काढून मला एका हँगरमध्ये नेलं. तिथं सेस्ना १५२ उभं होतं. दोन माणसांचं, ११० अश्वशक्तीच्या लायकॉमिंग इंजिनाचं, आपल्या शेतातल्या मोठ्या ट्रॅक्टरहून फार दांडगं नव्हे. तक्रार ओळखीची होती. चावी फिरवली की 'खट्' आणि पंखा जागचा हलत नाही. मी मनात निदान करून मोकळाही झालो.

इंजिनिअर माझ्याहून बराच लहान. त्यानं मीटर काढला. चावी मारताना बॅटरीवर किती व्होल्ट, काँटॅक्टरच्या अलीकडे किती, पलीकडे किती, सेल्फच्या टर्मिनलवर किती, आणि इंजिनाहून बॉडीला येणाऱ्या अर्थच्या पट्टीत किती गळतात, सगळं ओळीनं मोजून लिहिलं. तो मला सांगत होता की सेल्फ गेला म्हणून आलेल्या कित्येक विमानांत सेल्फ धडधाकट निघतो. दोष गंजलेल्या अर्थमध्ये नाहीतर काँटॅक्टरमध्ये असतो. पायपर कंपनीच्या जुन्या विमानांत बॅटरीच्या केबली ॲल्युमिनियमच्या होत्या, त्यांच्यापायी चांगले सेल्फ काढले गेल्याचं ऐकून मला हसू आलं नाही. मीटर माझ्याकडेही आहे. गिऱ्हाईकानं फारच हट्ट धरला तर मी तो काढतो.

या विमानात मात्र सेल्फच गेला होता. आता बोल्ट सुटतील असं मला वाटलं, तर तो मॅग्नेटोकडे वळला. सेल्फनं इंजिन हळू फिरतं, तेव्हा ठिणगी उशिरा, पिस्टन अगदी वर पोचल्यावर पडायला हवी. त्यासाठी मॅग्नेटोत स्प्रिंगची इम्पल्स कपलिंग असते, पंखा हळू फिरवला की ती टक्क वाजते. ती बिघडली तर ठिणगी लवकर पडते, पिस्टन उलटा ढकलला जातो, पंखा मागे झटका मारतो आणि तो दणका सेल्फच्या बेंडिक्सला आणि बॉडीला बसतो. "हे न बघता नवा लावला तर तोही जाईल," तो म्हणाला. माझ्याकडे एकच सेल्फ पुन्हा पुन्हा घेऊन येणारी गिऱ्हाइकं आहेत. त्यांना मी 'माल हल्ली हलकाच येते' असं सांगत आलोय.

सेल्फ पंख्यामागच्या ज्या रिंगेला फिरवतो तिचे दात बघायला मी पंख्याला हात घालणार, तेवढ्यात भाचा ओरडला, "मामाजी, हात मागं!" बॅटरीची निगेटिव्ह काढलेली होती, चावी बंद होती. तरीही नाही. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, आणि त्याची अर्थची बारीक वायर तुटली असेल तर चावी बंद करूनही तो जिवंत राहतो. पंखा जरासा फिरला तरी इंजिन एक धक्का मारू शकतं. आधी वायर तपासली, मग पंखा.

चार बोल्टांतला खालचा एक अशा कोपऱ्यात होता की पाना एका वेळी करंगळीभर फिरे. या बाबतीत विमान आणि ट्रॅक्टर सख्खे भाऊ.

नव्या सेल्फचा नंबर कागदाशी ताडला. लायकॉमिंगला १२२ आणि १४९ दातांच्या दोन रिंगा येतात, सेल्फचं पिनियन दुसऱ्या रिंगेचं निघालं तर दात खाऊन टाकतं. टॉर्क पान्यानं बोल्ट आवळले. नंतर त्यानं जे केलं ते मी कुठल्याही गॅरेजात बघितलेलं नव्हतं. जुना सेल्फ सुमारे ८ किलोचा, नवा मंजूर सेल्फ त्याच्या निम्म्याच्या आसपास. नाकावरचं एवढं वजन घटलं म्हणून त्यानं विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा हिशेब नव्यानं मांडला. ट्रॅक्टरचा सेल्फ मी आजवर भंगारवाल्याच्या काट्यावरच तोलला आहे.

मग लॉगबुक. सेस्ना १५२ बनणं १९८५ सालीच थांबलं, म्हणजे हे विमान त्या पोराच्या जन्माआधीचं. आधी कुणी काय काढलं, काय बसवलं, ते त्याला वहीत सापडत होतं, आणि पुढच्या कुणासाठी तो स्वतःची ओळ लिहीत होता. मी भरलेल्या आर्मेचरमध्ये कोणत्या गेजची तार आहे, हे वर्षभरानं मलाच सांगता यायचं नाही. ते चालतं, माझा हात चांगला आहे. पण 'चालते' याच्यापुढे मला त्याबद्दल काही माहीत नसतं. कागदानं इंजिन फिरत नाही ते खरंच, पण बदलणाऱ्याला डोकं लागत नाही, हे माझं मत त्या हँगरमध्ये गेलं.

दुकानात आता वही आहे. येणाऱ्या प्रत्येक सेल्फची नोंद होते, आधी अर्थ आणि केबल मोजली जाते. पाना लावून टर्मिनल शॉर्ट करून ट्रॅक्टर चालू करणं बंद केलं. त्याच पान्यानं हात भाजू शकतो, हे ठाऊक असूनही करत होतो. एक म्हातारे गिऱ्हाईक वही बघून म्हणाले, "काऊन गा, ट्रॅक्टर उडवतं का आता?" आर्मेचर भरणं मात्र सोडलेलं नाही. सोयाबीनच्या पेरणीत ट्रॅक्टर वावरात उभा असताना नव्या पार्टाची वाट बघा, असं कास्तकाराला सांगायची माझी छाती नाही.

भाच्याशी एक वाद अजून बाकी आहे. काढलेल्या सेल्फला तिथं लाल चिठ्ठी बांधून कुलपात ठेवलं. मी उघडून बघायला मागितला, मिळाला नाही. भंगारात निघालेला पार्ट चुकून पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मोडून टाकतात, हे मला पटतं. पण मोडायच्या आधी शिकणाऱ्या पोरांनी तो उघडावा, कार्बन किती उरले, बेंडिक्स कुठं अडकलं ते डोळ्यांनी बघावं. भाचा म्हणतो, परवानगी लागते. मी म्हणतो, मग माग ना बाप्पा.