‘तिथं’ म्हणजे नेमकं कुठं?

मैत्रिणींनो, डोकं दुखलं तर आपण चारचौघींत सांगतो. गुडघा धरला तर साऱ्या आळीला ठाऊक होतं. पण जांघेत दुखू लागलं, की आपला आवाज आपोआप खाली येतो. डॉक्टरांनी विचारलं तर “कंबर धरलीय जरा” एवढंच सांगायचं आणि कंबरेच्या गोळ्या घेऊन घरी यायचं! ‘तिथं’ दुखतंय हे सांगायचं तरी कसं?

भालाफेकीतला आपला नीरज चोप्रा पाहा. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत यूजीनला जागतिक स्पर्धेत त्यानं रौप्यपदक मिळवलं, पण जांघ दुखावली. महिनाभर विश्रांती सांगितली गेली आणि बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेला तो मुकला. २०२४ साली पॅरिसला ८९.४५ मीटर फेकीवर त्याला ऑलिंपिकचं रौप्यपदक मिळालं. तेव्हाही, भाला फेकताना बरंचसं लक्ष जांघेच्या दुखापतीकडेच असतं, हे त्यानं उघडपणे सांगितलं. कुणी हसलं का त्याला? नाही ना? मग लाज आपल्याच वाट्याला का?

आणि नेमकी जागा सांगणं हे अर्धं निदान असतं बरं का! कंबरेखाली बाजूला हात ठेवून आपण ‘खुबा दुखतो’ म्हणतो. पण खुब्याचा खरा सांधा खूप आत असतो. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कंबरेच्या हाडातल्या वाटीत बसलेलं असतं. हा सांधा बिघडला, की दुखतं ते बहुधा पुढून, जांघेत. मांडी घालताना, मोजे चढवताना, रिक्षात चढताना कळ येते. मागे, कुल्ल्यात दुखत असेल, तर पुष्कळदा मूळ पाठीच्या मणक्यात असतं.

बाजूचं दुखणं आणखी वेगळं. ते मी स्वतः भोगलंय. त्या कुशीवर झोपता येईना, जिना चढताना जीव नको होई. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एका बोटानं दाखवा.” मी बाहेरचं टोकदार हाड दाखवलं. त्या म्हणाल्या, “सांधा ठीक आहे, त्या हाडाला चिकटलेल्या स्नायूंच्या दोऱ्या दुखावल्यात.” चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत हे फार आढळतं. एका पायावर भार टाकून, कंबर बाहेर काढून ओट्याशी उभं राहायचं, त्याच कडेवर मूल घ्यायचं, ही आपली जन्माची सवय त्या दोऱ्यांना ताणते. उपाय साधे होते. दोन्ही पायांवर सारखं उभं राहायचं, पायावर पाय टाकून बसायचं नाही, दुसऱ्या कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची आणि शिकवलेले व्यायाम नेमानं करायचे. काही महिने लागले, पण गुण आला.

घरात खो-खो, कबड्डी, फुटबॉल खेळणारी मुलं असतील, तर त्यांची तऱ्हा निराळी. उकिडवं बसलेली मुलगी खो मिळताच उसळते, धावता धावता गर्रकन वळते. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू तेव्हा ताणला जातो. पहिले दोन दिवस शेक नको आणि मालीश तर नकोच. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवावा, खेळ बंद करावा. मग दुखणं ओसरलं, की गुडघ्यांमध्ये उशी धरून हळूहळू दाबण्याचा व्यायाम करावा. सामना चार दिवसांवर आलाय म्हणून घाईनं मैदानात पाठवू नका. अर्धवट बरी झालेली जांघ पुन्हा दगा देते.

काही गोष्टींत मात्र घरगुती उपायांवर थांबू नका. पाय टेकवतच नसेल किंवा दुखण्याबरोबर ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पळण्याचा जोरदार सराव करणारी मुलगी कमी खात असेल, तिची पाळी चुकत असेल आणि पळताना जांघेत दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते. तिचं पळणं त्याच दिवशी थांबवा आणि दाखवून आणा. मूल लंगडतंय, गुडघा दुखतो म्हणतंय आणि गुडघ्यात काही सापडत नाही, असं झालं तर खुबा तपासायला सांगा. चार ते आठ वर्षांच्या मुलांत आणि वयात येणाऱ्या मुलांत खुब्याचे काही आजार गुडघ्यातच दुखतात. उशीर झाला तर सांधा कायमचा बिघडतो.

शेवटची गोष्ट खास आपल्यासाठी. जांघेत गाठ लागली, तर ती पदराआड लपवू नका. मांडीच्या मुळाशी येणारा एक प्रकारचा हर्निया पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होतो आणि त्यात आतडं अडकण्याचा धोका मोठा असतो. गाठ दुखू लागली, आत जाईना, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर रात्र असो की घरात पाहुणे, तडक हॉस्पिटलात जा.

तेव्हा पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात, की ‘कंबर’ म्हणू नका. एक बोट ठेवा आणि सरळ सांगा, “जांघेत दुखतंय. इथं.” डॉक्टरांना त्यात काही नवल नाही. नवल वाटतं ते आपल्यालाच!