पन्नास हर्ट्झ

ताप उतरलाय, अंगात जोर नाही. हौज खासच्या खोलीत पडल्यापडल्या भाचीची वही चाळतोय. आयआयटीत विद्युत अभियांत्रिकी शिकताना तिनं हौसेनं अर्थशास्त्राचाही विषय घेतलाय. पुढं विश्वविद्यालयाकडच्या, १९४९ सालच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जायचं म्हणते. अर्थतज्ज्ञ रघुराम राजनही १९८५ साली तिच्याच आयआयटीतून विद्युत अभियंता होऊन बाहेर पडले. पण तो दाखला तिच्या आईसाठी. मी अडकलोय वहीतल्या वीजजाळ्याच्या ५० हर्ट्झच्या काट्यावर. वीजनिर्मितीपेक्षा मागणी वाढली, की तो लगेच खाली झुकतो. बाजाराला निदान सवड असते. गोदाम असतं, उधारी असते. माझी काळजी यातल्या कुठल्या जातीची? संध्याकाळी तिला विचारीन म्हणतो. ती मात्र आधी गोळ्या घेतल्या का, तेच विचारणार.