कसणाऱ्याचं नाव कुठंय?

आपल्या गावातली जमीन आज नेमकी कोण कसतंय, याचं उत्तर कुठल्या कार्यालयात मिळेल सांगा. तलाठ्याकडं (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, सवय व्हायला वेळ लागेल) मालकांची यादी मिळते. बँकेत कर्जदारांची मिळते. कसणाऱ्यांची यादी कुठंच नाही. ती फक्त गावाला तोंडपाठ असते.

शेतीचं पुढं काय होणार, यावर आपण खूप बोलतो. ड्रोन, एआय, निर्यात, गटशेती. बोलावं. पण बातमीच्या निमित्तानं मराठवाड्यातली गावं फिरताना मला वेगळंच दिसतंय. सातबारा एकाचा आणि घाम दुसऱ्याचा, असं रान दरवर्षी वाढतंय. राज्यात १९७०-७१ साली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. एवढ्याशा तुकड्यात घर चालत नाही, म्हणून मालक चाकणला, वाळूजला नाहीतर हडपसरला. रान गावात. ते पडीक ठेवायला जीव होत नाही आणि विकायला त्याहून होत नाही. मग बटई.

आमचंच सांगतो. माझी आणि थोरल्या भावाची मिळून साडेतीन एकर कोरडवाहू. भाऊ पुण्यात, मी तालुक्याला बातम्या करतो. वडील गेल्यापासून गावातलाच एक जण निम्म्या बटईनं करतो. बी-खत निम्मं-निम्मं, मेहनत सगळी त्याची, माल निम्मा. त्याची स्वतःची जमीन एक एकर. आमच्यासकट पाच मालकांचं मिळून चौदा एकर तो कसतो. म्हणजे गावातल्या मोठ्या शेतकऱ्यांत त्याची गणती व्हायला पाहिजे. सरकारदरबारी तो एका एकराचा धनी.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. सोयाबीनच्या शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले. ऑक्टोबरात सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पंचनामे झाले, ई-पीक पाहणीच्या नोंदी बघितल्या गेल्या. आमच्या रानातलं पीक त्यानं पेरलेलं, फोटोही त्यानंच काढलेला, नोंद मात्र आमच्या नावावर. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपयांप्रमाणे बारा हजारांच्या आतबाहेर रक्कम झाली. आली आमच्या खात्यात.

ती त्याला दिली. यात मोठेपणा काही नाही, कृषी केंद्रावरची बियाण्याची उधारी त्याच्याच नावावर होती. पण पाचांपैकी दोन मालकांनी फोनच उचलला नाही. एकानं निम्मे दिले. म्हणजे बुडालेल्या पिकाची भरपाई हा त्याचा हक्क नाही, मालकाच्या मनाचा प्रश्न आहे. मालक चांगला निघाला तर दिवाळी, नाहीतर गप्प बसायचं. जास्त बोलला तर पाडव्याला रान दुसऱ्याकडं जातं.

बाकीच्या योजनांचंही तेच. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि नमो शेतकरीचे सहा, दोन्ही जमीन नावावर असणाऱ्याला. पीककर्ज सातबाऱ्यावर. कर्जमाफी झाली तर ती बँकेच्या कर्जाला, दुकानाच्या उधारीला नाही. पीकविम्यात बटईदार कागदोपत्री बसतो, पण त्याला भाडेकरार लागतो आणि तो करून द्यायला मालक तयार नसतो. आत्महत्येच्या प्रकरणात एक लाखाची मदत देतानासुद्धा आधी सातबारा आणि कर्जाचा कागद बघतात. ‘अपात्र’ या शेऱ्याच्या बातम्या मी किती लिहिल्या, मोजलं नाही.

मालक करार का करत नाही? त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. भीती खरी आहे. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला. आपल्याकडं १९५० चा हैदराबादचा कायदा. कसणाऱ्या कुळाला मालकी मिळाली. त्या काळात ते बरोबरच होतं, कित्येक घरं त्यामुळं उभी राहिली. पण तेव्हापासून दुसऱ्याला रान देताना कागद करायचा नाही, हे मालकाच्या डोक्यात पक्कं बसलं. गंमत बघा, कसणाऱ्याला वाचवायला केलेल्या कायद्याच्या धाकानं आजच्या कसणाऱ्याचं नाव कुठंच लागत नाही.

यावर विचार झालाच नाही असं नाही. नीती आयोगानं २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला. आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये कायदा करून अकरा महिन्यांच्या करारावर कसणाऱ्याला कार्ड द्यायला सुरुवात केली. मालकीला धक्का नाही, पण कर्ज, विमा आणि भरपाई कसणाऱ्याला. त्यातही गोम आहेच. मालकाची सही लागते आणि तिथलेही बरेच मालक सही देत नाहीत. माझ्या मते सहीऐवजी ग्रामसभेत नाव वाचून नोंद व्हावी. कुणाचं रान कोण करतं हे गावाला माहीत असतं, तिथं खोटं बोलणं अवघड आहे.

पुण्यात खोली भाड्यानं घेताना आपण अकरा महिन्यांचा करार डोळे झाकून करतो. घरमालकाला वाटत नाही की हा खोली बळकावेल. मग रानाचंच असं का?

हे मी भावाला फोनवर बोललो. तो म्हणाला, “उद्या कूळ लागलं तर तू आणून देणारेस का परत?” वकिलाला विचारलं. तो म्हणाला, कायदा बदलेपर्यंत तुमचा भाऊ चुकीचं बोलत नाही.

आणि ज्याच्यासाठी ही सगळी खटपट, तो काय म्हणाला? “भाऊ, कागद नका करू. कागदाचं नाव काढलं की बाकीचे चौघं रान काढून घेतील.” त्याचा पोरगा बारावीला आहे. त्याला या धंद्यात आणायचं नाही, हे त्यानं न विचारताच सांगितलं. तो पोरगाही चाकणला गेला, की आमचं साडेतीन एकर कोण करणार, मला ठाऊक नाही.

पाडव्याला पुढच्या सालाचं बोलणं होईल. तोपर्यंत भावाला एवढ्यावर तरी राजी करतोय की भरपाई आली तर ती त्याची, हे चार माणसांत बोलून ठेवायचं. तुमच्याकडं कुणी बटईचा कागद केला असेल आणि त्यावर विमा किंवा कर्ज खरंच मिळालं असेल, तर गाव-तालुक्यासह मला कळवा. मी येऊन बघतो.