गरीब

कांहीं शब्द आपल्या इतके अंगवळणीं पडलेले असतात, कीं त्यांची खरी ओळख पटण्यासाठीं घरापासून फार लांब जावें लागतें. 'गरीब' हा शब्द मला असाच परदेशांत भेटला.

माझे वडील गलाईचा धंदा करीत. सांगली जिल्ह्यांतील विटा-खानापूरचा आमचा भाग. १९६० पर्यंत याच जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. पाऊस आमच्या हातावर तुरी देऊन जावयाचा, हें ठरलेलेंच. म्हणून तिकडील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ पेठांत जाऊन, मुशींत सोनें-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याचें काम करीत आले आहेत. अण्णांचें दुकान मदुरेस होतें. मी दहा वर्षांचा असतांना सुटींत तिकडे गेलों होतों. अण्णा गिऱ्हाइकांशीं जी तमिळ बोलत, तिला ना व्याकरण ना उच्चार. शेजारच्या दुकानांतील पोरें त्यांची नक्कल करीत आणि अण्णा नुसते हंसत. मला मेल्याहून मेल्यासारखें होई. एके दिवशीं मीं त्यांना म्हटलें, "अण्णा, माझ्यादेखत तुम्ही त्यांच्याशीं बोलूं नका ना!" ते कांहीं बोलले नाहींत, पण त्या सुटींत मी दुकानांत असलों, कीं ते खुणांनींच काम भागवीत.

साताऱ्यास शिक्षण पुरें करून २०१७ सालीं मी जॉर्डनची राजधानी अम्मान येथें, निर्वासितांसाठीं काम करणाऱ्या एका संस्थेंत सहा महिन्यांच्या उमेदवारीवर गेलों. सकाळीं आम्हां उमेदवारांना अरबी शिकावी लागे; संध्याकाळीं आम्ही निर्वासितांना इंग्रजी शिकवीत असूं. २०११ मध्यें पेटलेल्या यादवीमुळें सीरिया सोडावी लागलेलीं माणसें वर्गांत होतीं, तशीं सूदान व येमेनमधलींही होतीं.

अरबींतला 'ऐन' हा वर्ण कांहीं केल्या माझ्या घशांतून निघेना. शब्दांच्या बाबतींत मात्र मी वर्गांत शेखी मिरवीत होतों. किताब, कलम, तारीख, हिशेब, वकील, जबाब, ही सारी मंडळी आमच्या गांवच्या चावडींत भेटलेली! मी साताऱ्यास ज्या संस्थेच्या कॉलेजांत शिकलों, ती कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं स्थापन केलेली. तिच्या नांवांतला 'रयत' हा शब्दही मूळचा अरबीच. बहामनी आणि आदिलशाही दरबारांतून, फार्सीचें बोट धरून, हे शब्द आपल्या खेड्यांपर्यंत पोंचले. त्यामुळें बाईंनीं फळ्यावर 'गरीब' हा शब्द लिहितांच मीं तत्परतेनें सांगितलें, "ज्याच्याजवळ पैसा नाहीं तो."

"त्याला आम्ही फकीर म्हणतों," बाई हंसून म्हणाल्या. "गरीब म्हणजे परका, आपला मुलूख सोडून आलेला. तुम्हीही इथें गरीबच."

पुढें वाचनांत आलें, कीं बहामनी दरबारांत इराण-इराकाकडून आलेल्या सरदारांनाही 'गरीब' म्हणत. वजीर महमूद गवान त्यांच्यांतलाच. त्याच्याजवळ सत्ता होती, पैसा होता; तरी तो गरीबच राहिला, आणि दख्खनी सरदारांच्या कारस्थानानें १४८१ सालीं सुलतानाच्या हुकमावरून त्याचा शिरच्छेद झाला. मराठींत या शब्दाचा अर्थ बदलला, असें आपण म्हणतों. मला वाटतें, मराठीनें तो अर्थ पुढें वाचला. परमुलखांत माणूस निर्धन असतोच असें नाहीं. पण तो शब्दांना महाग होतो. आणि शब्दांना महाग झालेला माणूस हळूहळू 'गरीब गाय' होऊन मुकाट्यानें मान खालीं घालावयास शिकतो.

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला सूदानचे एक पन्नाशीचे शिंपी येत. बरोबर त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा असे. अरबींत 'प' नाहीं; त्यामुळें ते 'पेन'ला 'बेन' म्हणत. एकदां वर्गांतली तरुण मंडळी मोठ्यानें हंसली. मुलानें बापाची बाही ओढून कानांत कांहींसें सांगितलें. शिंपी हंसले आणि त्यांनीं वही मिटली. तें हंसणें मीं मदुरेस पाहिलें होतें. त्या दिवशीं मला पुढें शिकवितां आलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं माझें अरबी क्रमिक पुस्तक वर्गांत नेलें, त्या मुलाला मास्तर केलें आणि सगळ्यांसमोर धडा वाचूं लागलों. प्रत्येक 'ऐन'ला वर्गांत खसखस पिके. सर्वांत जास्त शिंपी हंसत होते. मग त्यांनीं आपण होऊन वही उघडली आणि खणखणीत आवाजांत 'बेन' म्हटलें. मुलगा या वेळीं बाही ओढावयास विसरला.

परतल्यावर हें सारें अण्णांना सांगावयाचें, असें मीं ठरविलें होतें. धंदा सोडून ते आतां गांवींच असतात. घरीं पोंचलों, तेव्हां ओसरीवर बसून ते मदुरेच्या एका जुन्या सोनाराशीं फोनवर बोलत होते. तमिळ तीच, पण मोकळी, खदखदून हंसणारी. मी दारांत दिसलों मात्र, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांनीं आवाज खालीं आणला.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलों. क्षमेचा शब्द मला कोणत्याच भाषेंत सुचेना. एवढेंच म्हणालों, "अण्णा, मोठ्यानं बोला."