दाराचा डोळा

दाराला आम्ही लहानपणापासून आज्ञाधारक मानीत आलों. ढकललें कीं उघडावें, ओढलें कीं लागावें; फार तर पावसाळ्यांत फुगून बसावें आणि सुताराची वाट पाहावी! परंतु नेरूळास राहावयास आल्यावर आमच्या वांट्यास स्वतःचें मत असलेलें दार आलें.

सिडकोची स्थापना १९७० सालची. तिनें खाडीपलीकडे वसविलेल्या या नगरांत आमचें छोटेंसें रो-हाउस आहे. खालीं गाडीची खोली व तिला विजेवर चालणारें पोलादी शटर. अलेक्झांड्रियाच्या हेरोननें पहिल्या शतकांत, वेदीवरील अग्नीच्या उष्णतेनें देवळाचीं दारें उघडण्याची युक्ति लिहून ठेविली. भाविकांना ती देवाची कृपा वाटली असेल. बोटाच्या टोकानें शटर उचलतांना आम्हांसही प्रथम तसेंच वाटलें.

गेल्या आषाढांत मात्र तें रुसलें. निम्म्यावर उतरे आणि आपण होऊन वर जाई. बाहेर पाऊस, आंत आमचा संताप! जमिनीपासून वीतभर उंचीवर दोन्ही बाजूंस एकेक डबी असते. त्यांच्यामधील अदृश्य किरण अडला कीं उतरतें शटर माघारें फिरतें. खारट दमट हवेनें हा डोळा बिघडला, असें निदान करून आम्हीं त्याच्या तारा परस्पर जोडून टाकल्या. शटर मुकाट्यानें उतरलें. घरांत आम्हीं आपल्या यंत्रज्ञानाची प्रौढीही मिरविली.

आठव्या दिवशीं संध्याकाळीं आमचा चार वर्षांचा नातू चेंडूमागें त्या उतरत्या शटराखालीं धांवला. सौभाग्यवतींची किंकाळी ऐकून आम्हीं कळ दाबली. शटर त्याच्या डोक्यावर हातभर अंतरावर थांबलें. त्या रात्रीं आम्हांस जेवण गेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मिस्त्री आला. "काका, शटर बिघडलंच नव्हतं. हा डोळा कुणी बांधला?" आम्ही खालीं पाहिलें. सायकलीचा धक्का लागून एक डबी तिरपी झाली होती व तिच्या कांचेवर कोळ्याचें जाळें होतें. त्यानें ती फडक्यानें पुसून सरळ केली आणि तारा पूर्ववत् जोडल्या. मग मोटार सोडवून शटर हातानें अर्ध्यावर आणून सोडलें. तें तेथेंच स्थिर राहिलें. ओझें मोटार उचलीत नाहीं, आंतील स्प्रिंगा तें तोलतात. तोल गेला तर त्यांना घरच्या माणसानें हात लावूं नये, त्यांत कोंडलेला जोर हात मोडतो. मोटारीला केवळ फेरे मोजतां येतात. खालीं जमीन आहे कीं मूल, हें तिला कळत नाहीं. तें पाहण्यासाठींच डोळा. अमेरिकेंत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना ही सावधगिरी कायद्यानें सक्तीची झाली, तीही कित्येक मुलें दगावल्यानंतर.

आमची चूक तारांची नव्हती. जो 'थांबा' म्हणतो तो बिघडला आहे, असें आम्हीं गृहीत धरलें. आणि ही खोड आम्हांस दारापुरतीच आहे, असें सौभाग्यवतींना वाटत नाहीं.

हल्लीं दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही कांचा पुसतों, बाजूच्या पट्ट्यांतील धूळ कोरड्या फडक्यानें काढतों आणि उतरत्या शटरापुढें लांबूनच झाडू आडवा धरतों. तें लगेच माघारें जातें. आमची आज्ञा मोडल्याबद्दल आम्ही त्याला हात जोडीत नाहीं, इतकेंच.